डावा हात पाठीमागे

"शिडी मिळेल का?"

शेडच्या दारातून कुणीतरी विचारलं, तेव्हा माझ्या लेथवर एका खुर्चीचा चौथा पाय फिरत होता. चौथा पाय कातताना मी कुणाशी बोलत नाही. पहिले तीन कसेही जमून जातात. चौथ्याला त्या तिघांसारखं व्हावं लागतं.

"थांबा," मी वर न बघताच म्हटलं.

तो थांबला. हे जरा नवीन होतं. आमच्याकडे येणारी माणसं थांबा म्हटलं की दुप्पट जोराने बोलायला लागतात. हा गप्प उभा राहिला... आणि मग माझ्या लक्षात आलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या पायांकडे बघत होता.

पायांत रबरी चपला. चपलांखाली लाकडी फळी. फळीखाली जुनं टायर कापून अंथरलेलं.

पाय झाला. मी पटाशी ठेवली, डावा हात पाठीमागे घेतला, उजव्या हाताच्या बोटांनी पटकन लोखंडी टेकू मागे सारला आणि मशीन बंद केलं.

"डावा हात मागे का घेतलात?"

"तुम्ही शिडी मागायला आला होतात ना?"

"हो. पण हात मागे का घेतलात?"

"चावतं म्हणून."

"कोण?"

"मशीन."

तो हसला नाही. खांद्याला वायरचं भेंडोळं, खिशाला टेस्टर, कपाळावर घामाने चिकटलेले केस. शेजारच्या काकूंची दारावरची बेल बिघडली होती, तिचा वायरमन हाच असणार.

"किती दिवस चावतंय?"

"दोन-तीन वर्षं. सवय झालीय."

"कुणाला? मशीनला चावायची, की तुम्हाला चावून घ्यायची?"

एवढं बोलून तो आत आला आणि टेस्टरचं टोक लेथच्या लोखंडाला टेकवलं. आतला इवलासा दिवा लाल झाला. मशीन बंद होतं तरी. मग त्याने चार पावलं टाकली आणि शेडचा मेन स्विच खाली ओढला.

"अहो, माझ्या शेडमधला स्विच मला न विचारता..."

"चुकलं. परवानगी द्या."

"आता? बंद केल्यावर?"

"परत चालू करून विचारू?"

मला राग आला होता. खरंच आला होता. पण हा माणूस एवढ्या गंभीरपणे बोलत होता की राग ठेवावा कुठे, तेच कळेना.

"हे बघा मॅडम..."

"मॅडम म्हणू नका. माझ्या डोक्यात भुसा आहे."

त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. भुसा होताच. "मग काय म्हणू?"

"इथे काम करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. माझ्या बाबांना."

"बरं, मिस्त्री. शिडी द्या. काकूंची बेल लावतो आणि परत येतो. तोवर त्या स्विचला हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?"

"तर मी बेल अर्धवट टाकून येईन, आणि काकू तुमच्या दारावर येऊन बसतील."

काकू दारावर येऊन बसल्या की संध्याकाळ जाते. मी हात लावला नाही.

*

खरं तर त्याला घालवून देणंच माझ्या फायद्याचं होतं. मशीन चावतं, हे जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं.

कारण दादाला ते कळलं होतं.

बाबा गेल्यावर लेथ मी चालवायला घेतली. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, बाळांचे खुळखुळे. लग्नानंतर वेगळा राहणाऱ्या दादाला ते आधीपासूनच पसंत नव्हतं, पण तो माझ्या नादी लागायचा नाही. मग मागच्या वर्षी वादळात मागच्या गल्लीत कुठेतरी वीज पडली आणि तिच्या धक्क्याने आमची मोटर जळाली. ती कारागिराकडून नव्या तारेने भरून आणली. त्यानंतर महिन्याभरात आई मला जेवायला बोलवायला शेडमध्ये आली, ओल्या हाताने मशीनला टेकली आणि मागच्या लाकडांवर फेकली गेली. तिची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर होती. त्या दिवसापासून आई शेडच्या आत पाऊल टाकत नाही. दारातूनच पळीने पत्रा वाजवते.

दादाने तेव्हाच सांगून टाकलं, "पुढची वादळं सुरू व्हायच्या आत हे धूड घरातून गेलं पाहिजे." तो नुसतं बोलत नाही. त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. माझ्यासाठी एका दुकानात बसून करायची नोकरीही बघून ठेवली होती. डोक्यावर पंखा, म्हणाला. जसं काही माझी सगळी अडचण पंख्याचीच होती.

मला पंखा नको होता. मला माझी लेथ हवी होती. बाबांनी मला तिच्यासमोर खोक्यावर उभं करून पटाशी धरायला शिकवली होती. मी ती सोडणार नव्हते. पण दादाला खोटं पाडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मशीन चावत होतं, हे खरंच होतं.

*

वायरमन परत आला. बेल वाजत होती. काकू ती सारखी दाबून बघत होत्या.

"अर्थिंग कुठे जोडलंय?" त्याने विचारलं.

"पाण्याच्या नळाला. बाबांनी स्वतः जोडलंय. पक्कं काम आहे."

"बघू."

हिरवी तार शेडमधून निघून भिंतीच्या कडेकडेने मोरीकडे जात होती. तो तिच्या मागे मागे गेला, हरवलेल्या मांजराच्या मागे जावं तसा. भिंतीपाशी जमिनीतून लोखंडी पाइपचा तुकडा वर आला होता. त्यावर पितळी पट्टा, पट्ट्यात तार, वर बाबांनी मारलेला निळा रंग. त्याने अंगठ्याने पट्टा हलवून बघितला. हलला नाही.

"काम पक्कं आहे," तो म्हणाला, आणि मला उगाच बरं वाटलं.

मग त्याने पक्कडीने पाइपवर टकटक केलं. कान दिला. परत टकटक केलं. खाली बसून हातानेच माती उकरायला लागला. वीतभर खाली लोखंड संपलं. पुढे पांढऱ्या टेपचे वेढे, एक जॉइंट, आणि त्याच्यापुढे करड्या रंगाचं प्लॅस्टिक.

आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत राहिलो.

"हे प्लॅस्टिक कधी टाकलं?"

"तीन वर्षांपूर्वी. लोखंडी पाइप गंजले होते." माझा आवाज माझा मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "दादाने टाकले. स्वतःच्या हाताने. चार रविवार घालवले त्याने... आईला बाहेरून बादल्या आणाव्या लागायच्या म्हणून."

"आणि मशीन चावायला कधी लागलं?"

"त्यानंतरच," मी म्हटलं.

"तुमच्या बाबांची तार बरोबर होती," तो हळू आवाजात म्हणाला. "लोखंडी पाइप असेपर्यंत ती लांबवर जमिनीत जात होती. आता ती या वीतभर तुकड्याशी येऊन थांबते. मोटरमधून जी वीज गळते तिला जमिनीत उतरायला वाट नाही. मग जो कुणी मशीनला हात लावेल, तोच तिची वाट."

त्याने माती परत लोटली, हात झटकले. "तुमच्या दादांना सांगायला हवं."

"नाही."

"अहो पण..."

"आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाइप दाखवते. माझ्या मुलाने केले म्हणते. मी हे कुणाला सांगणार नाही, आणि तुम्हीही नाही. नवं अर्थिंग करू. कसं करायचं ते मला सांगा, खड्डा मी खणीन."

त्याने माझे हात पाहिले. उजव्या तळव्यावर पटाशीच्या मुठीचा घट्टा आहे माझ्या, बायकांच्या हाताला शोभत नाही असं वहिनी म्हणते.

"खणाल," तो म्हणाला. "त्याबद्दल शंका नाही. आणि मी कुणाला सांगणार नाही, वचन."

*

रविवारी तो पहार, तांब्याची सळई, खड्ड्यात ओल धरून ठेवायला कोळशाचं पोतं आणि मीठ घेऊन आला. मी मोरीच्या सांडपाण्याजवळची जागा दाखवली. तिथली माती बाराही महिने ओली असते.

"उत्तम जागा. ओल असली की अर्थिंग चांगलं लागतं," तो म्हणाला.

मी कमरेइतकं खणलं. तो मधेमधे "द्या, मी घेतो" म्हणायचा आणि मी "राहू दे" म्हणायचे. तिसऱ्यांदा त्याने विचारणं सोडलं आणि माती बाजूला ओढायला लागला. सळई ठोकताना मात्र दोघं लागलो: त्याने धरायची, मी घण मारायचा.

"चुकला तर माझा हात आहे," तो म्हणाला.

"मग नीट धरा."

"मी नीटच धरलीय. मारणाऱ्याचं सांगतोय."

"मी रोज फिरत्या लाकडावर केसाएवढी ढलपी काढते."

"म्हणून तर धरलीय."

त्याच्याकडे अर्थिंग मापायचं एक यंत्र होतं, हँडल फिरवायचं, दोन खुंट्या लांब लांब रोवायच्या. हँडल त्याने माझ्या हातात दिलं. काटा थरथरला आणि दोनाच्या जरा पुढे स्थिरावला.

"पाचाच्या खाली हवा होता," तो म्हणाला. "आकडा स्वतः बघितलात ना? कुणी सांगितला म्हणून मानायचा नाही."

"तुम्ही सांगितला तरी?"

"मी सांगितला तर मुळीच नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "मी आधी एका ठेकेदाराकडे होतो. तिथे अर्थिंग कागदावर व्हायचं. साहेब म्हणायचे, आकडा लिही. मी म्हणायचो, आधी मोजतो. एक दिवस त्यांनी मलाच घरी जायला सांगितलं."

"मग?"

"मग काय... घरी गेलो. बेली दुरुस्त करतोय."

हे सांगताना तो अजिबात हरल्यासारखा दिसत नव्हता. मला वाटतं, तो मला आवडला तो त्या वाक्याला. बेली दुरुस्त करतोय. ताठ मानेने.

मोटरचा डबा उघडला तर आत दमट भुशाचा गोळा. वीज तिथूनच गळत होती. तो साफ केला, वायर बदलली. बोर्डावर एक नवा स्विच बसवला, जरा वीज गळली तरी आपोआप पडणारा. त्यावर तपासायचं बटण. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे.

निघताना तो दारात घुटमळला. "या खड्ड्याला पाणी घालावं लागतं बरं का. आठवड्यातून एकदा."

"घालीन मी."

"प्रमाण असतं त्याला." तो खड्ड्याकडे बघत म्हणाला. "मी येत जाईन."

तो गेल्यावर आई दारात पळी घेऊन उभी. "तिथे रोज मोरीचं दहा बादल्या पाणी जातं," ती म्हणाली. "आणखी पाणी कशाला?"

"प्रमाण असतं, आई."

"हो का," आई म्हणाली, आणि पळी न वाजवताच आत गेली.

*

दर रविवारी तो यायचा. एक बादली पाणी, अगदी मोजूनमापून, सळईच्या भोवती गोल घालायचा. त्याला दोन मिनिटं लागायची. मग अडीच तास बोलणं.

आईने त्याचं नाव खड्डेवाला ठेवलं. "खड्डेवाला आला गं," असं ती आतून सांगायची, आणि चहाच्या भांड्यात पाणी वाढवायची.

तिसऱ्या रविवारी आम्ही विजेचा विषय काढला. आकाशातल्या.

"शेडवर सळई बसवायची," तो म्हणाला. "तिथून तांब्याची पट्टी सरळ खाली, कुठेही न वळवता, आणि तिचा वेगळा खड्डा."

"तो तरी या खड्ड्यापासून तोडून ठेवायचा ना? आकाशातलं लचांड घरात कशाला?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण नाही. जमिनीखालून पट्टी टाकून दोन्ही एकमेकांना जोडायचे."

"का?"

त्याने काडीने मातीत दोन टिंबं काढली. "वीज पडली की हा खड्डा क्षणभर एकदम वर चढतो. विजेच्या दाबाने. तो दुसरा तिथेच खाली राहिला, तर दोघांमधे केवढा तरी फरक पडतो. त्या फरकात जो सापडेल तो संपला. मोटर असो, माणूस असो." मग त्याने दोन टिंबांमधे रेघ ओढली. "जोडलेले असले की दोघं एकदम चढतात, एकदम उतरतात. वीज पडायची तर पडतेच... पण फरक पडत नाही."

मी त्या रेघेकडे बघत राहिले.

"सगळ्यांना असंच समजावता?"

"नाही," तो म्हणाला. "बाकीचे का म्हणून विचारत नाहीत."

काडी त्याच्या हातातून खाली पडली. ती उचलायला आम्ही दोघं वाकलो आणि दोघांनीही ती उचलली नाही.

*

पाचव्या रविवारी, दुसरा खड्डा आणि मधली पट्टी झाल्यावर, मी शेडच्या छतावर होते, तो शिडीवर, आणि फाटकात दादा.

"खाली उतर."

"एक बोल्ट राहिलाय."

"हे काय बसवतेस तू घरावर?"

"वीज पडली तर तिला जमिनीत नेणारी सळई."

"म्हणजे विजेला घरी जेवायला बोलावतेस?"

"बोलवायला कशाला लागतं," वायरमन शिडीवरून म्हणाला. "यायचं ठरवलं की ती येतेच. आपण फक्त जिना दाखवायचा."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शिडीलाच तोंड फुटलंय. "आणि हे कोण?"

"खड्ड्याला पाणी घालायला येतात," आई आतून म्हणाली.

दादाला त्यातून काहीच कळलं नाही, कळण्यासारखं नव्हतंही. तो मला म्हणाला, "तुझ्या हट्टापायी एक दिवस आईला जमिनीवर पडलेली बघितलीय मी. परत बघायची नाहीये. पुढच्या रविवारी गाडी येईल. मशीन जाईल."

"मशीन आता चावत नाही. हात लावून बघ."

"मला नाही बघायचं."

त्याने शेडच्या दारातूनही आत डोकावलं नाही. तेव्हा मला दिसलं की दादाला राग आलेला नाही. दादाला भीती वाटत होती. रागावलेल्या माणसाशी मी हवी तेवढी भांडले असते. घाबरलेल्याशी कसं भांडायचं?

बोल्ट मात्र मी घट्ट केला. पूर्ण.

*

गाडी आली. गिऱ्हाईक म्हणजे एक जाडसर, घाम पुसत बोलणारे काका होते. त्यांचा स्वतःचा लाकडाचा कारखाना होता. त्यांनी लेथभोवती फेरी मारली, रुळांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सांभाळलंय हो मशीन. देताय का?"

"शॉक मारतं," दादा दारातूनच म्हणाला. "तुमच्याकडे नीट करून घ्या. आमच्या वडिलांनी अर्थिंगच चुकीचं केलेलं. जुनी पद्धत. दिली तार नळाला बांधून, झालं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं."

वायरमन तेव्हा बादली भरत होता. त्याचा हात नळावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं... फक्त पाहिलं. वचन दिलं होतं त्याने. तो बोलला नसता.

मी पाच आठवडे गप्प बसले होते. आणखी पाच वर्षं बसले असते. पण बाबांना काही कळत नव्हतं, हे मी ऐकून घेणार नव्हते.

मी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि दादाच्या हातात दिलं.

"खण."

"काय?"

"तो निळा पाइप दिसतोय ना, बाबांची तार बांधलेला? त्याच्या बुडाशी खण. वीतभर. जास्त नाही लागणार."

जुना पाइप, जुना पट्टा, मी कशालाच हात लावू दिला नव्हता. दादा वैतागला, पण परक्या माणसासमोर बहिणीशी वाद नको म्हणून वाकला. दोन फावडी मारली. तिसरं मारलंच नाही. खाली बसला. बोटांनी माती सारली.

पांढऱ्या टेपचे वेढे त्याला ओळखीचे होते. तो टेपचे नेहमी सात वेढे घेतो आणि शेवटचं टोक आत खोचतो.

आत पाण्याचा नळ वाहत होता, दादाच्या पाइपमधून.

"हा जॉइंट मी केला," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी आईला..."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"पाच आठवडे झाले."

"आणि तू बोलली नाहीस?" त्याने वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. "मी तुला एवढं बोललो, गाडी बोलावली... तरी?"

"तू घरात पाणी आणलंस, दादा. ते कसं काढून घेऊ तुझ्याकडून?" अजून अर्धं बोलायचं राहिलं होतं. "पण आता ऐक. बाबांना काही बोलायचं नाही. त्यांचं काम बरोबर होतं. आणि मशीन जाणार नाही. हे मी तुला विचारत नाहीये. सांगतेय."

दादा उठला. हात झटकले आणि शेडमध्ये गेला... आत, वर्षभरात पहिल्यांदा. मशीनसमोर उभा राहिला. आमच्या घरात सगळे करतात तसं त्याने आधी डावा हात पाठीमागे घेतला, उजव्या हाताची उलटी बोटं पुढे केली.

"दादा," वायरमन मागून म्हणाला, "आधी हे बटण दाबून बघा. बाकी सगळं त्यानंतर."

दादाने बटण दाबलं. खटकन स्विच पडला. त्याने तो परत वर केला, आणि मग अख्खा तळवा लोखंडावर ठेवला. दोन्ही हात. तसाच उभा राहिला, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभं राहावं तसा.

आई दारात आली होती. तिने उंबऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पळी घेऊन सरळ आत आली.

"मग मी गाडी वळवू का?" काकांनी घाम पुसत विचारलं.

"वळवा," मी म्हटलं.

"वळवतो. पण रिकाम्या हाताने नाही जात. तो खुळखुळा द्या एक, नातीसाठी."

मी सगळ्यात हलका, सगळ्यात गोल आवाजाचा खुळखुळा निवडून दिला.

*

दुपारी आभाळ भरून आलं. वायरमनने बादली उपडी करून ठेवली आणि निघण्याऐवजी शेडमध्ये जाऊन मेन स्विच खाली ओढला, मशीनचा प्लग काढून बाजूला केला. या वेळी आधी माझ्याकडे बघून, भुवया उंचावून. मी मान हलवली.

"सळई असली तरी वीज चमकत असताना प्लग बाहेर, आणि मिस्त्री घरात," तो म्हणाला. "यात हट्ट नाही."

"बरं."

"एवढ्या पटकन बरं?"

"जिथे पटतं तिथे मी बरंच म्हणते. तुम्हाला प्रसंगच आला नाही."

स्वयंपाकघरात दादा आईच्या पायाशी बसला होता. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत त्याला रागावत होती, पाइपवरून असं कुणी रडतं का म्हणून. आम्ही दोघं मधल्या खोलीत बसलो. बाहेर वाऱ्याने पत्रे वाजायला लागले, मग मोठे थेंब, मग सगळंच.

"यातून तुम्हाला जाता येणार नाही," मी म्हटलं.

"शिडी घेऊन तर अजिबात नाही."

"शिडी आमचीच आहे."

"हो... ते विसरलोच."

वीज लखलखली. त्याच क्षणी असा कडकडाट झाला की ताटं वाजली. ती कुठे पडली ते आजही मला माहीत नाही. कदाचित आमच्या सळईवर, कदाचित मागच्या गल्लीत. आईने आतून "आहात ना रे सगळे" विचारलं. होतो. सगळे होतो.

त्याने खिडकीतून मोरीकडे पाहिलं. दोन्ही खड्ड्यांवर पाणी उड्या मारत होतं, आणि मधली पट्टी जमिनीखाली गुपचूप होती.

"आज पाणी घालायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"कधीच नव्हती. तिथे दहा बादल्या पाणी रोज जातं."

त्याचे कान लाल झाले, टेस्टरमधल्या त्या दिव्यासारखे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खड्ड्याची जागा मी निवडली होती."

"मग पहिल्याच रविवारी सांगितलं का नाही?"

"मग तुम्ही पहिल्याच रविवारी खोटं का बोललात? आकडा मोजल्याशिवाय न लिहिणारा माणूस तुम्ही."

"ते..." तो थांबला. बाहेर पाऊस थांबत नव्हता. "ते मोजता येण्यातलं नव्हतं."

"दादा अजून तुम्हाला शिडीवरचा माणूस म्हणतो," मी म्हटलं. "काकू गल्लीभर सांगतील. वहिनी म्हणेल, बेली दुरुस्त करणारा. मला त्यातल्या कशानेही काही फरक पडत नाही."

"मिस्त्री..."

"माझं बोलून झालं नाही. पुढच्या रविवारी पाणी घालायला येऊ नकोस."

त्याचा चेहरा पडला. खरोखर पडला, एवढा की मला पुढचं वाक्य घाईने बोलावं लागलं.

"नुसता ये."

त्याने हात पुढे केला. तळवा वर, पक्कडीने पडलेले घट्टे त्यावर, माझ्या घट्ट्यासारखेच. मी उजवा हात उचलला, आणि लक्षात आलं की माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेलाय. तीन वर्षांची सवय.

त्यालाही ते दिसलं. तो थांबला, पहिल्या दिवशी दारात थांबला होता तसा.

मी डावा हात पुढे आणला. आणि दोन्ही हात, अख्खे तळवे, त्याच्या हातात ठेवले.